घर बोलतं, पण कोणाच्या तोंडून?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

थोर माणसांची जपून ठेवलेली घरं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेली असतात. एका खोलीत पलंग, त्याच्याभोवती दोरी. काचेच्या कपाटात चष्मा, दौत, काठी, वहाणा. भिंतीवर तसबिरी आणि त्यांच्याखाली पाटी : अमुक साली जन्म, अमुक साली निधन. पंधरा-वीस मिनिटांत आपण बाहेर पडतो. घर पाहिल्याचं समाधान असतं, पण घरातलं कोणी भेटलं असं काही वाटत नाही.

आता अशी कल्पना करा, की त्या घराच्या ओसरीवर जुन्या काळचा पोशाख केलेली एक वयस्क बाई बसली आहे. ती तुमचं स्वागत करते, प्रवास कसा झाला विचारते. मग आपल्या नवऱ्याबद्दल, नातवंडांबद्दल, सतत येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोलू लागते. तुम्ही प्रश्न विचारलात तर उत्तर देते. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या बाईला जेवढं ठाऊक असेल तेवढंच. तुम्ही आगगाडीचा विषय काढलात तर ती बुचकळ्यात पडते.

अमेरिकेत आणि युरोपात अनेक ऐतिहासिक घरांमध्ये असे कार्यक्रम होत असतात. कुठे एखादा अभ्यासक साध्या कपड्यांत तासभर व्याख्यान देतो. कुठे कलावंत त्या काळचा वेश करून त्या घरातल्या माणसाच्या नावाने बोलतो. वरवर पाहता ही पर्यटकांची करमणूक आहे, आणि ती तशी असतेही. पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. घराच्या वतीने बोलायचं कोणी? मालकाने, मालकिणीने, की त्या घरात राबणाऱ्या माणसाने? आज आपण हा प्रश्न एका खऱ्या घराच्या आधाराने समजून घेऊ.

ते घर म्हणजे माउंट व्हर्नन. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं. व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी, आजच्या वॉशिंग्टन शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले आणि पुढच्या पन्नास वर्षांत या घराची रया गेली. १८५३ मध्ये लुईझा कनिंगहॅम नावाच्या एक बाई बोटीने त्या नदीतून चालल्या होत्या. त्यांनी घराची पडझड पाहिली आणि मुलीला पत्र लिहिलं. मुलीचं नाव अॅन पामेला. तिची प्रकृती नाजूक होती. पण तिने देशभरातल्या स्त्रियांना हाक दिली, त्यांची संस्था उभारली, वर्गणी जमवली आणि १८५८ मध्ये ते घर आणि भोवतालची दोनशे एकर जमीन दोन लाख डॉलरला खरेदी करण्याचा करार केला. अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला अजून ६२ वर्षं अवकाश होता! त्याच संस्थेकडे आजही या घराची मालकी आहे, आणि केंद्र सरकारचं अनुदान न घेता ती ते चालवते.

त्या बायकांच्या लेखी हे घर एक तीर्थक्षेत्र होतं. तीर्थक्षेत्री देवाबद्दल बोलतात, देवळात झाडलोट करणाऱ्याबद्दल नव्हे. त्यामुळे फार काळ इथल्या माहितीत वॉशिंग्टन होते, त्यांच्या पत्नी मार्था होत्या, सेनापती आणि पाहुणे होते. बाकीची माणसं 'नोकरचाकर' या एका शब्दात आटोपत.

ती बाकीची माणसं किती होती? १७९९ मध्ये वॉशिंग्टन यांनी स्वतः यादी केली. त्यांच्या शेतांवर आणि घरात मिळून ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, ४१ दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेले आणि उरलेले १५३ मार्थाच्या पहिल्या सासरचे. हे तिसरं प्रकरण जरा समजून घेतलं पाहिजे. मार्थाचे पहिले पती मृत्युपत्र न करता वारले होते. कायद्याने त्यांच्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा विधवेला मिळाला, पण फक्त हयातीपुरता उपभोगायला. तिच्यानंतर तो वारसांकडे जायचा. म्हणजे हे १५३ जण मनात आलं तरी मुक्त करण्याचा अधिकार ना जॉर्ज यांना होता, ना मार्थाला.

आता वेशभूषेच्या कार्यक्रमांकडे वळू. या प्रकाराची मुळं शोधायला लागलो तर स्वीडनमध्ये जावं लागतं. आर्टुर हाझेलिउस या गृहस्थांनी १८९१ मध्ये स्टॉकहोमला 'स्कान्सेन' नावाचं खुलं संग्रहालय उघडलं. खेड्यापाड्यांतली जुनी घरं उचलून आणून तिथे उभी केली आणि त्यांत त्या त्या भागाचा पोशाख केलेली माणसं ठेवली. पण 'मी त्या काळचाच माणूस आहे' असं धरून बोलण्याची रीत पक्की केली ती अमेरिकेतल्या प्लिमथच्या संग्रहालयाने, १९७८ मध्ये. इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांचं गाव तिथे पुन्हा उभारलेलं आहे. कितीतरी वर्षं त्या गावात कायमचं १६२७ साल चालू असे. तिथला माणूस तुम्हाला कोंबड्यांबद्दल, पिकांबद्दल, धर्माबद्दल त्या काळच्या इंग्रजीत सांगे. पुढे काय झालं ते त्याला माहीतच नसे.

या रीतीला इतिहासकार 'प्रथमपुरुषी' निवेदन म्हणतात. 'मी मार्था' असं म्हटलं की प्रथमपुरुषी, 'मार्था अशी होती' म्हटलं की तृतीयपुरुषी. व्याकरणाचा साधा भेद, पण परिणामात जमीन-अस्मानाचं अंतर. तृतीयपुरुषात वक्ता म्हणू शकतो, 'याबद्दल दोन मतं आहेत, पुरावा तोकडा आहे.' प्रथमपुरुषात ती सोय नाही. स्वतःच्या लग्नाबद्दल कोणी 'दोन मतं आहेत' म्हणत नाही.

त्यामुळे भूमिका करणाऱ्याला तयारी फार करावी लागते. मार्था वॉशिंग्टन यांचंच उदाहरण घ्या. नवरा-बायकोचा पत्रव्यवहार मार्थाने जवळजवळ सगळा जाळून टाकला. मोजकीच पत्रं वाचली. म्हणजे जिची भूमिका करायची, तिने आपल्या मनाचा दरवाजा स्वतःच लावून घेतलेला. मग कलावंत काय करते? मार्थाने मैत्रिणींना आणि नात्यातल्या बायकांना लिहिलेली पत्रं वाचते. घरखर्चाच्या वह्या पाहते. पाहुण्यांनी आपल्या रोजनिशीत या यजमानीणबाईंबद्दल काय लिहिलं ते वाचते. शिवण, मुदपाकखाना, आजारपणं, मुलांचे मृत्यू हे सगळं समजून घेते. एवढं करूनही मधे रिकाम्या जागा राहतात. त्या तर्काने भरायच्या असतात, आणि कुठे पुरावा संपला नि कुठे तर्क सुरू झाला, याचं भान मनात जागं ठेवायचं असतं.

याच घरातला एक दिवस पाहू. १४ डिसेंबर १७९९. दोन दिवसांपूर्वी वॉशिंग्टन बर्फ-पावसात घोड्यावरून शेतं पाहत हिंडले होते. मध्यरात्र उलटल्यावर दोन-तीनच्या सुमारास त्यांनी मार्थाला उठवलं. घसा इतका सुजला होता की धड बोलता येत नव्हतं. मार्था मदत बोलवायला उठू लागली, तर तिला थंडी बाधेल म्हणून त्यांनी उठू दिलं नाही. उजाडल्यावर कॅरोलाइन ब्रॅनहॅम नावाची दासी नेहमीप्रमाणे खोलीत विस्तव पेटवायला आली. मार्थाने तिलाच धावत चिटणीस टोबायस लिअर यांना बोलवायला पाठवलं. मग डॉक्टर क्रेक आले, मागाहून आणखी दोन डॉक्टर आले. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे दिवसभरात चार वेळा रक्त काढलं, मिळून दोन लिटरहून जास्त. रात्री दहा ते अकराच्या दरम्यान वॉशिंग्टन गेले.

हे सगळं आपल्याला कळतं ते लिअर यांच्या टिपणांमुळे. शेवटच्या क्षणी खोलीत कोण कोण होतं तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. मार्था होत्या, डॉक्टर क्रेक होते, लिअर स्वतः होते. आणि चार गुलाम होते : कॅरोलाइन, मॉली, शार्लट आणि ख्रिस्तोफर शील्स हा तरुण. ख्रिस्तोफर दिवसभर बिछान्याजवळ उभा होता. वॉशिंग्टन यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी त्याला बसायला सांगितलं. आता ही दुसरी गोष्ट ऐका. त्याच ख्रिस्तोफरचा बायकोसह पळून जायचा बेत होता, आणि एका चिठ्ठीमुळे तो तीनच महिन्यांपूर्वी वॉशिंग्टन यांना कळला होता. मरणाच्या दारातही नोकराला 'बस' म्हणणारा मालक आणि त्याच मालकाकडून पळून जाऊ पाहणारा नोकर, दोघंही त्या खोलीत होते.

खोली एकच आणि मृत्यूही एकच, पण कहाण्या तीन होतात. डॉक्टर क्रेक यांच्या वेशातला माणूस बोलेल तर ती वैद्यकाची हतबलता होईल. मार्था बोलेल तर ते एका पत्नीचं दुःख होईल. त्यानंतर तिने ती खोली बंद केली आणि ती वरच्या मजल्यावर राहायला गेली. आणि कॅरोलाइन बोलेल तर? वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करण्याचं लिहून ठेवलं होतं. मार्थाने १ जानेवारी १८०१ रोजी त्यांना मुक्त केलंही. पण कॅरोलाइन त्या १५३ जणांपैकी, वारसांच्या हिश्शातली. शेजारच्या माणसाला सुटका, हिला नाही. १८०२ मध्ये मार्था वारली आणि हे गुलाम तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. म्हणजे त्या पहाटे कॅरोलाइनने पेटवलेल्या विस्तवाभोवती तिच्या स्वतःच्या घरादाराचंही काय होणार, हा प्रश्न होता. तिला मोलकरीण म्हणवत नाही, कारण मोल तिला कधी मिळालंच नाही.

माउंट व्हर्ननमध्ये या कॅरोलाइनची भूमिका आता केली जाते. काही वर्षांपूर्वी ती करणाऱ्यांत आझी डंगी ही कृष्णवर्णीय अभिनेत्री होती. रोज शेकडो लोकांच्या प्रश्नांना तिला कॅरोलाइन होऊन उत्तरं द्यावी लागत. ते प्रश्न इतके विलक्षण असत, की नोकरी सोडल्यावर तिने २०१३ मध्ये 'आस्क अ स्लेव्ह', म्हणजे 'गुलामाला विचारा', या नावाची एक विनोदी मालिकाच इंटरनेटवर आणली. तिचं म्हणणं, प्रश्न खऱ्या पाहुण्यांचेच होते. त्यांतला एक असा, की एवढ्या थोर माणसाच्या घरी तुला ही नोकरी मिळाली कशी, वर्तमानपत्रात जाहिरात वाचलीस का?

हसू येतं खरं. पण वर्तमानपत्रात जाहिरात आली होती, ती वेगळीच. मे १७९६ मध्ये, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, मार्थाची खास दासी ओना जज फिलाडेल्फियातल्या घरातून निघून गेली. मार्था आपल्याला नातीच्या लग्नात तिच्या हवाली करणार, हे तिला कळलं होतं. घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली. तिला पकडून आणणाऱ्यास दहा डॉलर बक्षीस, अशी जाहिरात छापून आली. ओना न्यू हॅम्पशायरमध्ये पोचली. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, पण ती सापडूनही परतली नाही. १८४० च्या दशकात दोन वर्तमानपत्रांनी तिच्या मुलाखती छापल्या. १८४८ मध्ये ती वारली, तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती गुलामच होती.

त्या घरातल्या गुलामांपैकी स्वतःची हकिगत अशी छापून आलेली माणसं अगदी विरळा. ओनाची जबानी आपल्याकडे आहे, कारण ती पळू शकली. कॅरोलाइन पळाली नाही, म्हणून तिचा शब्द उरला नाही.

आणि इथेच या कलेतली खरी अडचण समोर येते. समजा, कॅरोलाइनची भूमिका अगदी तंतोतंत केली. मग १७९९ मधली ती दासी घरी आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना मनातलं सांगेल का? 'तुला इथे कसं वागवतात?' असं कोणी विचारलं तर ती खाली मान घालून 'चांगलं वागवतात' असंच म्हणेल. दुसरं काही बोलायची तिला मुभाच नव्हती. पोशाख बरोबर, भाषा बरोबर, नम्रता बरोबर, आणि ऐकणारा मात्र चुकीची समजूत घेऊन घरी जाणार. मालकाची भूमिका खरी केली की खरी वाटते. गुलामाची भूमिका खरी केली की खोटी ठरते.

यावर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे उपाय शोधले गेले. एक उपाय, वेश तोच ठेवायचा पण बोलायचं आजच्या माणसासारखं. प्लिमथमध्ये वसाहतवाल्यांच्या गावाशेजारी तिथल्या मूळ रहिवाशांची, वाम्पानोआग लोकांची, वस्ती आहे. तिथली आदिवासी माणसं पारंपरिक पोशाखात असतात, पण १६२७ मधली असल्याचं नाटक करत नाहीत. 'आम्ही अजून आहोत' हेच त्यांना सांगायचं असतं. २०२० मध्ये त्या संग्रहालयाने आपल्या नावातही त्या जागेचं मूळ नाव 'पटक्सेट' जोडून घेतलं.

दुसरा उपाय धाडसाचा. विल्यम्सबर्ग या जुन्या वसाहतकालीन शहरात १८ व्या शतकात निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तिथल्या संग्रहालयाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी गुलामांच्या लिलावाचा प्रसंग रस्त्यावर करून दाखवला. तो आखणाऱ्या क्रिस्टी कोलमन स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्या स्वतः विकली जाणारी बाई म्हणून उभ्या राहिल्या. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी कडाडून विरोध केला. आमच्या पूर्वजांच्या वेदनेचा तमाशा मांडू नका, हे त्यांचं म्हणणं. प्रयोग झाला, लोक रडले. विरोधकांपैकी एका प्रमुख कार्यकर्त्याने तो पाहून आपलं मत बदललं. तरी वाद मिटला नाही, आणि तो मिटण्यासारखा नाहीच. दुःख दाखवावं तर त्याचं प्रदर्शन होतं. झाकावं तर पुन्हा खोटेपणा येतो.

तिसरा उपाय संयमाचा. टॉमस जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या घरी स्वतः जेफरसन वेश करून भेटतात. विल्यम्सबर्गला अनेक वर्षं त्यांची भूमिका करणारे बिल बार्कर २०१९ मध्ये तिथे आले. पण जेफरसन यांच्या मुलांची आई झालेली गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्यासाठी २०१८ मध्ये जी खोली उघडली, तिच्यात कोणालाही सॅली म्हणून उभं केलेलं नाही. तिचं एकही चित्र उपलब्ध नाही, तिने लिहिलेली एक ओळ नाही. म्हणून तिथे फक्त पोशाखाची रिकामी आकृती आहे, आणि तिच्या मुलाने सांगून ठेवलेल्या आठवणी आहेत. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवणं, हाही प्रामाणिकपणाच.

आपल्याला वेश घेऊन गोष्ट सांगणं नवीन नाही. बहुरूपी दारात येई, कीर्तनकार उत्तररंगात एकट्याने चार माणसांचे आवाज काढी. सुषमा देशपांडे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग सुरू केला आणि तो गावोगाव नेला. लुगडं नेसलेली, कुंकू लावलेली एक बाई समोर येऊन 'मी' म्हणून बोलते, तेव्हा पाठ्यपुस्तकातला धडा कसा जिवंत होतो, हे तो पाहिलेल्यांना ठाऊक आहे. मात्र आपल्या स्मारक-घरांत हे अजून फारसं रुजलेलं नाही. मुंबईच्या मणिभवनात गांधीजींचं आयुष्य छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून दिसतं. पुण्यात गंज पेठेतल्या फुलेवाड्यात पाण्याचा हौद आहे. १८६८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तो अस्पृश्यांना खुला केला, असं तिथे आपण वाचतो. त्या दिवशी घागर घेऊन पहिल्यांदा हौदावर आलेल्या बाईला काय वाटलं असेल, हे कोणी तिच्या तोंडून सांगितलं तर? पण सांगायचं ठरवलं की माउंट व्हर्ननचेच प्रश्न आपल्यापुढेही येतील. तिचा शब्द कुठे नोंदला आहे? नसेल तर तिच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा? आणि तर्क कुठे सुरू झाला, हे ऐकणाऱ्याला कसं सांगायचं?

असे कार्यक्रम करायचे तर हुबेहूब पोशाख शिवून भागत नाही. वह्या, यादी, रोजनिशा, मृत्युपत्रं चाळून त्या घरातली सगळी माणसं आधी शोधावी लागतात. कॅरोलाइनचं नाव आज घेता येतं, ते मालकाच्या यादीत आणि चिटणिसाच्या टिपणात चार शब्द उरले म्हणून. आपल्याकडच्या वाड्यांच्या दप्तरांत, खर्चाच्या वह्यांत, दानपत्रांत अशी चार-चार शब्दांची माणसं नक्कीच असतील.

म्हणून एखाद्या थोर माणसाचं घर पाहायला जाल, तेव्हा पाटी वाचून झाल्यावर तिथल्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा : या घरात पहाटे उठून विस्तव कोण पेटवत असे? उत्तर लगेच मिळेलच असं नाही. पण दहा पाहुण्यांनी विचारलं, तर अकराव्या पाहुण्यासाठी कोणीतरी जुन्या वह्या उघडून बसेल.